आधी घर, मग पिल्लू

कासवाविषयी मराठी माणसाला मोठा जिव्हाळा. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते; त्याला हात लावूनच आपण पुढे सरकतो. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, ही कल्पना संतांनीही मायेचा दाखला म्हणून वापरली. प्रत्यक्षातली कासवी मात्र वाळूत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. रानात ते चालून जाते, कारण बहुतेक अंडी आणि पिल्ले कोल्ह्या-बगळ्यांच्या तोंडी जातात, थोडीच मोठी होतात. घरातल्या काचेच्या टाकीत कोल्हाही नसतो आणि बगळाही नसतो. तिथे अंड्यातून निघालेल्या प्रत्येक पिल्लाचा भार माणसावर असतो.

आपल्याकडे मत्स्यालयांच्या दुकानांतून विकले गेलेले लाल कानाचे कासव मूळचे अमेरिकेचे. देशी कासव घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून हे परदेशी कासव खपले. विकत आणताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडेसेच मोठे असते. पुढे मादीची पाठ जेवणाच्या ताटाएवढी होते आणि तिचे आयुष्य तीस वर्षांच्या घरात जाते. पाचवीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेले कासव त्याच्या लग्नातही हजर असू शकते! ही मादी एका वेळी दोनापासून तीसपर्यंत अंडी घालते आणि वर्षातून अनेकदा घालते. एवढ्या पिल्लांना टाकी, ऊन आणि खाणे कोण देणार?

मग सोपी वाट सुचते. देवाचे नाव घ्यायचे आणि कासव तळ्यात सोडायचे. जीव वाचवल्याचे समाधान मिळते, घरातली अडचणही जाते. पण हे कासव जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. ऊन खायची जागा, खाद्य, अंडी घालायचा काठ, सगळीकडे ते देशी कासवांना मागे रेटते. युरोपीय समुदायाने १९९७ साली त्याची आयात बंद केली. २०१८ साली गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तलावात ते सापडले. जालन्यातही तसे सापडेपर्यंत थांबायचे का? आपली कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. त्याच गोदावरीच्या खोऱ्यात मऊ पाठीचे लीथचे कासव आहे. ते फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आढळते आणि आज अतिसंकटग्रस्त आहे. घाणेवाडीच्या जलाशयात किंवा मोती तलावात परके कासव सोडणे म्हणजे एका जिवावर दया दाखवून दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणे.

जालना ही बियाण्यांची राजधानी. बीजोत्पादनाचा प्लॉट घेणारा शेतकरी पेरणीआधी कंपनीशी करार करतो. माल कुठे जाणार हे ठरल्याशिवाय तो बी टाकत नाही, आणि परका पराग येऊ नये म्हणून शेजारच्या पिकापासून अंतर राखतो. सरपटणारे प्राणी पाळणाऱ्याने हीच शिस्त उचलावी. पिल्लांसाठी घरे आधी ठरवावीत आणि जेवढी घरे तेवढीच अंडी उबवावीत. नर-मादी वेगळे ठेवावेत. तेवढ्याने मात्र निश्चिंत होऊ नये. काही कासवांच्या माद्या नराचे बीज शरीरात दीर्घकाळ जपून ठेवतात, आणि नर नसतानाही मादी अंडी घालतेच. म्हणून तिला वाळूची जागा द्यावीच लागते. नाहीतर अंडी पोटात अडकून तिचाच जीव जातो.

नको असलेल्या अंड्यांचे काय करायचे, हा प्रश्न कठीण आहे. अंडी घातल्याबरोबर, आत जीव आकार घेण्यापूर्वी ती गोठवावीत, हा जाणकारांचा मार्ग. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या घराला हे टोचेल, आणि टोचावेही. पण अंडी उबवून निघालेली वीस पिल्ले टबात कोंबणे, ती उपाशी मरताना पाहणे किंवा नदीत लोटणे यात हिंसा अधिक आहे. अंडे गोठवण्याचा प्रसंगच नको असेल, तर नर-मादीची जोडी घरात आणू नये.

इग्वाना, बॉल पायथन असे परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना आता कायदाही हिशेब विचारतो. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि तिला अनुसरून २०२४ साली नियम आले. आंतरराष्ट्रीय करारातील अशा जातींची नोंदणी आणि त्यांच्या जन्म-मृत्यूची खबर सरकारला देणे आता बंधनकारक आहे. इग्वानाची मादी एका खेपेला वीस ते सत्तर अंडी घालते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नोंदीची गरज पटते. नोंद कागदावर राहते. पिल्लू कोणाच्या दारात जाते, हे पाहण्याचे काम मालकाचेच.

आणि हे काम दुकानदाराचेही आहे. पिल्लू विकताना ते किती वाढेल, किती वर्षे जगेल, हे त्याने गिऱ्हाइकाला सांगायला हवे. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण लहान मुले ती तोंडात घालत आणि साल्मोनेलाच्या जंतूंनी आजारी पडत. आपल्याकडे निदान 'हात साबणाने धुवा' एवढे तरी कोणी सांगावे.

या सुटीत मुलाने कासवासाठी हट्ट धरला, तर त्याला रागावू नका. तीस वर्षे याला कोण सांभाळणार, अंडी झाली तर काय करायचे, हे प्रश्न त्याच्यापुढे मांडा आणि दोघांनी मिळून उत्तर शोधा. उत्तर सापडले नाही, तर उन्हाळ्याच्या सकाळी त्याला गोदावरीच्या काठी शहागडला न्या. खडकावर ऊन खात बसलेले आपले देशी कासव नशिबाने दिसले, तर दुरूनच पाहू द्या.