रुग्ण उठून चालतो का, तेही लिहा

सत्तरी ओलांडलेल्या आजी न्यूमोनिया झाला म्हणून सरकारी रुग्णालयात दाखल होतात. आल्या तेव्हा मुलाच्या हाताला धरून का होईना, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या असतात. आठ दिवसांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, ऑक्सिजन निघतो. खाटेला अडकवलेल्या चार्टवर तापमान, नाडी, श्वास, रक्तदाब सगळे जिथल्या तिथे. डिस्चार्ज लिहिला जातो आणि आजींना रिक्षापर्यंत स्ट्रेचरवरून न्यावे लागते. त्यांचे चालणे नेमके कोणत्या दिवशी थांबले, हे केसपेपरच्या एकाही पानावर सापडत नाही. वॉर्डातल्या मावशींना मात्र ते ठाऊक असते. तिसऱ्या दिवसापासून बेडपॅन त्याच देत होत्या.

अशा आजी कोणत्याही जिल्हा रुग्णालयात भेटतील. फुप्फुसे बरी करून पाय घालवल्याचा हा प्रकार टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी रुग्णाची हाडे, सांधे आणि स्नायू यांची तपासणी परिचारिकेने रोज करायला हवी आणि ती तापमानाइतक्याच नेमाने लिहायला हवी. ही तपासणी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहे. विद्यार्थिनी ती शिकतात, जर्नलमध्ये आकृत्यांसह लिहितात, तोंडी परीक्षेत सांगतात. नोकरीला लागल्यावर मात्र चार्टवर तिच्यासाठी रकानाच नसतो, आणि ज्याला रकाना नाही ते काम हळूहळू बंद पडते.

या तपासणीला यंत्र लागत नाही. चादर बदलताना रुग्णाला कुशीवर वळवले की ती सुरू होते. वळताना तो कोणत्या बाजूला कण्हतो? केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जातो का? दोन्ही पोटऱ्या सारख्याच दिसतात, की एक सुजलेली आणि गरम आहे? तशी असेल तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. खाटेच्या कडेला बसवल्यावर तोल राहतो का, उभे राहायला किती जणांचा आधार लागतो, चार पावले टाकता येतात का? आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: घरी संडास कोणत्या पद्धतीचा आहे, आणि उकिडवे बसून परत उठता येते का? परदेशी पुस्तकांतल्या तक्त्यांत हा प्रश्न नसतो. घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाची पहिली अडचण मात्र तिथेच होते.

स्नायूंची ताकद मोजायला ० ते ५ अशी साधी श्रेणी आहे. काहीच हालचाल नाही म्हणजे ०, स्नायू नुसता फुरफुरतो तेव्हा १, हात-पाय गादीवर सरकतो पण उचलत नाही तेव्हा २, उचलता येतो पण जराही विरोध सोसत नाही तेव्हा ३, थोडा विरोध सोसतो तेव्हा ४, पूर्ण ताकद म्हणजे ५. यातली एका दिवसाची नोंद फारशी बोलकी नसते. काल ४ होते आणि आज ३ आहे, हे बोलके असते. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गियाँ-बारे आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले तेव्हा या फरकाचे मोल अनेकांना कळले. या आजारात अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो आणि काही रुग्णांत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन व्यवस्थित दिसत असतानाच रुग्णाला उशीवरून मान उचलता येईनाशी होते, एका श्वासात मोजता येणारे आकडे कमी होत जातात. दर काही तासांनी 'मान उचला, आता एका दमात आकडे मोजा' असे म्हणणारी परिचारिका त्या वेळी कोणत्याही मॉनिटरच्या आधी धोका ओळखू शकते.

प्लास्टरच्या बाबतीत तर हिशेब तासांचा असतो. झाडावरून पडून कोपराच्या वरचे हाड मोडलेले मूल संध्याकाळी प्लास्टर घालून वॉर्डात येते. रात्री ते रडू लागते. दुखणारच, म्हणून औषध दिले जाते. तरीही ते थांबत नाही, आई त्याला गप्प करून थकते. अशा वेळी त्याची बोटे हलकेच सरळ करून पाहावीत. त्याने वेदना एकदम वाढत असेल, तर आत स्नायूंवर दाब वाढतो आहे असे समजावे. मनगटाची नाडी लागते, बोटे गुलाबी आहेत, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. नाडी जाणे हे फार उशिराचे लक्षण. अशा वेळी हात उशांवर उंच ठेवू नये, तो हृदयाच्या पातळीवर असावा. डॉक्टरांना झोपेतून उठवून प्लास्टर आणि त्याच्या आतला कापूस थेट त्वचेपर्यंत कापून मोकळा करून घ्यावा, आणि तरीही आराम नसेल तर तातडीने शस्त्रक्रिया. साधारण सहा तासांपुढे स्नायूंचे नुकसान कायमचे होऊ लागते आणि पंजा आयुष्यभरासाठी आखडतो. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी या आखडलेल्या हाताचे वर्णन १८८१ साली केले होते. गावाकडे बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यामुळे असे हात आजही दिसतात, आणि त्याबद्दल हाडवैद्यांना दोष देणे सोपे असते. रुग्णालयाच्या खाटेवर तेच घडले तर?

वॉर्डात पडलेल्या रुग्णाचेही तसेच. चार जण धावतात आणि काखेत हात घालून त्याला उचलतात. त्याआधी अर्धा मिनिट पायांकडे पाहिले तर कळते: एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलेले आहे, म्हणजे खुब्याचे हाड मोडले असावे. कधी हाड एकमेकांत रुतून बसते. मग रुग्ण दोन पावले चालतोही, आणि तक्रार करतो ती गुडघा दुखत असल्याची. गुडघ्याला मलम लागते, खुब्याचा एक्स-रे राहून जातो.

यावर पहिले उत्तर ठरलेले आहे: हे फिजिओथेरपिस्टचे काम. उपचाराचा मोठा भाग त्यांचाच आहे. पण रात्री दोन वाजता ते वॉर्डात नसतात, आणि त्यांना बोलावण्याची गरज कोणीतरी आधी ओळखावी लागतेच. दुसरे उत्तर मनुष्यबळाचे, आणि ते खरे आहे. भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष सर्वसाधारण वॉर्डासाठी अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असतात, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्याच. तिला आणखी एक फॉर्म देणे हा अन्याय ठरेल. म्हणून फॉर्म नको, चालू चार्टवर एकच ओळ हवी: आज स्वतः उठला, आधाराने उठला की उठलाच नाही. तीच माहिती तीन-तीन रजिस्टरांत उतरवण्याचे काम कमी केले, तर तेवढा वेळ नक्की निघेल. रिक्त पदे भरण्याची मागणी त्यामुळे मागे पडता कामा नये, ती वेगळी आणि आधीची आहे.

तिसरी अडचण कोणी बोलून दाखवत नाही. परिचारिकेने लिहिलेले डॉक्टर वाचत नाहीत. राउंड घाईत पुढे सरकतो, 'सर, हे आज नीट उभे राहत नाहीत' हे वाक्य मागच्या रांगेतून येते आणि पुढच्या खाटेच्या आवाजात विरून जाते. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा सिस्टर बोलत नाही. चार्टवर कितीही रकाने वाढवले तरी ही सवय डॉक्टरांनाच मोडावी लागेल.

दिवस वाया जातात ते पडून राहण्यात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस घटले. ती माणसे आजारी नव्हती, नीट जेवत होती. ताप आणि अन्नावरची वासना उडालेल्या रुग्णाचा हिशेब याहून वाईटच असणार. आणि तरीही आपल्याकडे 'आराम करा, उठू नका' हा सल्ला नातेवाईक प्रेमाने देतात, वॉर्डही सोयीचा म्हणून चालवून घेतो.

नातेवाईकांना इथे एक काम करता येईल. दाखल करतानाच सिस्टरना सांगावे: आठवड्यापूर्वी आजी कशा चालत होत्या, काठी लागायची का, जिना चढायच्या का, गेल्या वर्षभरात कधी पडल्या होत्या का. घरची काठी आणि नेहमीची चप्पल सोबत आणावी. डबा आणि ब्लँकेट आठवणीने येतात. काठी दाराआड राहते, आणि अनोळखी गुळगुळीत फरशीवर आजी खाटेचा कठडा धरून पहिले पाऊल टाकायला कचरतात.