जाहीरनाम्यातील जमेची बाजू

नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती तीनशे होते. हा व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबविलेल्या रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा हवा, म्हणून १९७५ साली तो बसविण्यात आला. योजनेचे शिल्पकार वि. स. पागे काँग्रेसचे; पण खेड्यातील मजुराची मजुरी शहरातील पगारातून जाणार, हा हिशेब कोणी लपविला नाही.

आज हे नवलाचे वाटावे! २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी शिवसेनेने शेतकऱ्यांना मोफत विजेचे वचन दिले. सत्तारूढ आघाडीने ती घोषणा स्वतःच अमलात आणली, निवडणूक जिंकली आणि २००५ मध्ये सवलत मागे घेतली. वीज मंडळाच्या तोट्याचा शोध जणू निकालानंतरच लागला.

२०२४ मध्ये आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या पक्षांनीही निराळे काय केले? लाडक्या बहिणींसाठी दरमहा १५०० रुपये, म्हणजे वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. आणि त्याच अर्थसंकल्पात मुंबई परिसरातील पेट्रोल-डिझेलवरील करात कपात. खर्च वाढवायचा आणि कर घटवायचा, दोन्ही एकाच भाषणात. निवडणुकीत महायुतीने २१०० चा आकडा उच्चारला, महाविकास आघाडीने ३०००. शिवाय कर्जमाफी दोघांचीही. लिलावात बोली चढते तशी ही चढाओढ; फरक इतकाच की, लिलावात बोली लावणारा स्वतःच्या खिशातून पैसे देतो.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० दिसले नाहीत. योजनेची तरतूद ३६ हजार कोटींवर आली, महसुली तूट ४५ हजार कोटींपलीकडे दाखविली गेली, सीएनजी मोटारींवरील कर एक टक्क्याने वाढला. जूनमध्ये मद्यावरील शुल्क वाढविण्यात आले. यांतील एकही वाढ प्रचारसभेत ऐकल्याचे आठवत नाही. गरीब भगिनीच्या हाती पैसा पडू नये, असे येथे म्हणणे नाही. तो कोणाच्या पदरचा, हे मतदानापूर्वी सांगितले जावे, एवढेच.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी कलमे आली. आश्वासनासाठी पैसा कसा उभारणार, हे 'स्थूलमानाने' सूचित करावे, असे ती सांगतात. या स्थूलपणातच सारे निसटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने खर्च आणि महसूल यांचा ठरावीक तक्ताच पक्षांपुढे ठेवला होता. २०२४ च्या जाहीरनाम्यांत तसा तक्ता कोणी भरून जोडला असता, तर २१०० आणि ३००० या आकड्यांसमोर काय लिहिले असते?