हँडल थरथरतंय? गाडी बाजूला घ्या

रिक्षावाल्या दादांनो, ताईंनो, आणि त्यांच्या मागे बसणाऱ्या आपण सगळ्यांनो,

पाऊस ओसरला. गणपतीत ज्या खड्ड्यांना आपण शिव्या घातल्या, त्यांवर आता डांबर पडतंय. रस्ता सपाट झाला की उजवी मूठ आपोआप जास्त पिळली जाते. जूनपासून जी गाडी २५-३०च्या पुढे गेली नव्हती, ती आता ५०ला धावते. आणि तिथेच हँडल थरथरायला लागतं.

ही थरथर काल जन्माला आलेली नाही. चार महिने खड्ड्यांनी रिम ठोकली, बेअरिंगात पाणी घातलं, हँडल ज्यावर वळतं तो कोनसेट झिजवला. वेग कमी होता म्हणून कळलं नाही, एवढंच. आता वेग आलाय. दिवाळीची गर्दी तोंडावर आहे. म्हणून आजच लिहितोय आणि आजच ऐका, अशी विनंती आहे.

तुम्हाला ती जाणवते, याबद्दल मला शंका नाही. दिवसाचे दहा-बारा तास ज्याच्या हातात तेच हँडल असतं, त्याला फरक कळणार नाही तर कोणाला? अडचण वेगळीच आहे. दोन दिवसांत हाताला सवय होते. 'गाडी जुनी झाली, एवढं चालायचंच,' असं आपण म्हणतो. नका म्हणू. थरथर हा जुनेपणा नाही. काहीतरी सैल आहे, वाकलंय किंवा झिजलंय, आणि ते रोज थोडं वाढतंय.

रिक्षाला पुढे चाक एकच. कारचं पुढचं एक चाक बिघडलं तर दुसरं निदान वाट धरून ठेवतं. मोटरसायकलवाला अंग कलवून तोल सावरतो. रिक्षाला हे दोन्ही जमत नाही. पुढचं चाक वेगात डावी-उजवीकडे झटके मारायला लागलं, त्यात समोर कुत्रं आलं, आणि तुम्ही हँडल वळवून ब्रेक दाबलात, तर गाडीचा सगळा भार पुढच्या कोपऱ्यावर येतो. तिथे पेलायला चाक नसतं. मग उलटते. आत दाराविना, पट्ट्याविना बसलेली माणसं असतात. सकाळी आठला ती माणसं म्हणजे पाठीवर दप्तर घेतलेली पोरं असतात.

थोडा हिशोब मांडू. बहुतेक पेट्रोल-सीएनजी रिक्षांना ४.००-८ मापाचा टायर असतो. त्याचा एक फेरा म्हणजे साधारण १.३ मीटर. ५०च्या वेगाला हे छोटं चाक सेकंदाला दहाहून जास्त वेळा फिरतं. रिमच्या आत पावसाळ्यातला चिखल वाळून चिकटला असेल, अगदी ५० ग्रॅमचा गोळा, तर या वेगाला तो चाकाला दोन किलोपेक्षा जास्त ओढ देतो. सेकंदाला दहा वेळा. आणि वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. ३०ला जे जाणवतही नाही, ते ६०ला हात सुन्न करतं. म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. चाकं आतून धुवा. चिखल खरवडून काढा. कितीतरी गाड्यांचं दुखणं तिथेच संपेल.

सगळ्यांचं मात्र संपणार नाही. दवाखान्यात घाईने ढकललेल्या स्ट्रेचरचं एखादं चाक जागच्या जागी फडफडायला लागतं, तसंच रिक्षाचं पुढचं चाकही करू शकतं. त्याला चिखलाची गरज नसते. कोनसेट किंवा बेअरिंग सैल असलं की रस्त्यावरचा एखादा छोटा धक्का विरून जात नाही, उलट वाढत जातो. हे ठरावीक वेगाला होतं. ४५ला हँडल मारतं आणि ५५ला शांत होतं. मग स्टँडवर कोणीतरी अनुभवी माणूस सांगतो, 'जोरात घे, बंद होतं.' त्या माणसाचा मान ठेवा, सल्ला मात्र ऐकू नका. थरथर दिसेनाशी झाली म्हणजे सैल झालेला भाग आवळला गेला नाही. ५५वरून थांबायची वेळ आली की तुम्हाला त्याच ४५मधून परत खाली यायचंय, आणि या वेळी ब्रेक दाबून.

तेव्हा शोधा. आणि शोधाची सुरुवात रस्त्यावर करू नका, उभ्या गाडीवर करा.

सकाळी टायर थंड असताना हवा मोजा. गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय तोच ठेवा, अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. मग सपाट जागेवर मागच्या दोन्ही चाकांना दगड लावा, पुढे जॅक लावा, वर लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या. चाक हवेत आलं की हाताने फिरवा. टायरजवळ खडू किंवा झाडूची काडी स्थिर धरा. काडी आणि टायर यांतलं अंतर फेऱ्यागणिक कमी-जास्त होतंय का, ते बघा. डावी-उजवीकडे होत असेल तर रिम आउट आहे किंवा चाक तिरकं बसलंय. वर-खाली होत असेल तर टायर गोल राहिलेला नाही, फुगा आलाय, किंवा रबर चढवलेल्या टायरचा थर एकसारखा नाही. कडेने बोटं फिरवा. फुगा डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो.

मग चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट आली? बेअरिंग बघायला हवं. पण घाई करू नका, आधी ती खटखट कुठून येते ते ओळखा. एकाला चाक हलवू द्या आणि दुसऱ्याने बोट आधी हबवर, मग चाक धरणाऱ्या लिंकच्या बुशवर, मग वर कोनसेटच्या जोडावर ठेवावं. ज्या जोडात बोटाला हालचाल कळेल, तिथे आजार आहे. या एका बोटाने किती फुकटचा खर्च वाचतो, ते कोणत्याही इमानदार मिस्त्रीला विचारा. शेवटी हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. बरोबर मध्ये, सरळ दिशेला, ते किंचित अडकत असेल तर कोनसेटच्या वाट्यांत खळगे पडलेत. तिथे नट आणखी आवळून उपयोग नाही. उलट फार आवळलेलं हँडल जड होतं, गाडी सरळ रेषेत राहत नाही आणि वाट्या आणखी लवकर जातात. सेट बदला.

पंक्चर काढून आल्यापासून थरथर सुरू झाली असेल तर दुसरीकडे बघायच्या आधी चाकाचे नट बघा. घाईत एक नट पूर्ण आवळला आणि बाकीचे नंतर, की चाक तिरकं बसतं. सगळे नट हाताने बसवा, मग आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. आणि थोडं अंतर चालवून पुन्हा एकदा तपासा. पंक्चरवाल्याला दोष देऊन मोकळे होऊ नका. पाना तुमच्या डिकीतही आहे.

एक सोपी परीक्षा तर प्रत्येक रिक्षात आधीच ठेवलेली आहे. तुमची स्टेपनी. ज्या गाड्यांना तिन्ही चाकं एकाच मापाची आहेत, त्यांत स्टेपनी पुढे लावून बघा. चांगली स्टेपनी लावून थरथर गेली, तर दोष त्या काढलेल्या चाकात होता. राहिली, तर टायर-रिमवर पैसे घालू नका. बेअरिंग, कोनसेट, बुश किंवा शॉकअप यांच्याकडे वळा. (स्टेपनीच गुळगुळीत टकली झालेली असेल, तर दादा, तो वेगळा विषय आहे, पण त्यावरही आजच बोलायला हवं.)

थरथर हातात नाही, बुडाखाली येते? मग मागे बघा. उभ्या गाडीत, न्यूट्रलला, मूठ हळूहळू पिळा. तीच थरथर तिथेही आली तर चाकांचा संबंध नाही. इंजिनाचे फाउंडेशन रबर आणि बोल्ट तपासून घ्या. उभ्या गाडीत येत नाही, पण धावताना वेगाबरोबर वाढते, तर मागची चाकं, त्यांची बेअरिंगं आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट व त्यांचे जोड बघायला सांगा. फक्त ब्रेक दाबल्यावर येते, तर ड्रम गोल राहिलेला नसेल. फेरी संपल्यावर तिन्ही हबजवळ सांभाळून हात नेऊन बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल, तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय.

हे सगळं झाल्यावरही रस्त्यावर तपासायची गरज पडली तर रिकामी गाडी न्या. मोकळा रस्ता निवडा. थरथर सुरू झाली तो आकडा लक्षात ठेवा आणि तिथूनच मागे फिरा. तिच्या पुढे जाऊन 'बघू तरी किती होते' हा प्रयोग करू नका. मग गॅरेजमध्ये जाऊन नुसतं 'जरा बघून घ्या' असं म्हणू नका. सांगा: चाळीसला सुरू होते, हँडलमध्ये येते, रिकाम्या गाडीत जास्त, ब्रेकला फरक नाही. एवढं सांगितलंत की मिस्त्री अंदाजाने भाग बदलणार नाही. आणि भाग मिळत नाही, ही सबब आपल्याकडे तरी चालणार नाही. वाळूजला आणि बारामतीला तीनचाकी बनवणाऱ्या राज्यात आपण राहतो.

चालत्या गाडीत अचानक हँडल झटके मारायला लागलं तर काय कराल? आत्ताच मनात पक्कं करून ठेवा. दोन्ही हातांनी हँडल धरा, पण त्याच्याशी कुस्ती खेळू नका. मूठ हळूहळू सोडा. जोरात ब्रेक दाबू नका. वळवू नका. वेग आपोआप उतरू द्या, मग सावकाश डावीकडे घ्या आणि थांबा. प्रवाशांना उतरवा. भाडं गेलं तर जाऊ द्या.

जाऊ द्या, असं म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. पाळीवर गाडी चालवणाऱ्याला संध्याकाळी मालकाला पैसे द्यावेच लागतात. म्हणून मालकांनो, हे तुमच्याशी आहे. ज्या दिवशी ड्रायव्हर म्हणेल 'हँडल मारतंय, गॅरेजला नेतो', त्या दिवसाचे पैसे मागू नका. तुम्ही मागितलेत की पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. बेअरिंगच्या एका जोडीचा खर्च आणि एका घरातला कमावता माणूस, यांत काय निवडायचं हे तुम्हाला समजावायला नको. पासिंग झालंय, असं म्हणू नका. पासिंग ज्या दिवशी झालं, त्या दिवशीची गाडी ठीक होती. त्यानंतर पावसाळा होऊन गेला.

आणि आपण प्रवासी? आपणही नुसते बघत बसू नये. समोरचं हँडल ड्रायव्हरच्या मनगटांसकट थरथरताना दिसलं तर बोला. 'दादा, हँडल हलतंय, हळू घ्या, मला घाई नाही,' एवढंच. ओरडून नको, उपकार केल्यासारखं नको. घाई असली तरी घाई नाही असं म्हणा. तीन प्रवाशांच्या गाडीत चौथे होऊन ड्रायव्हरच्या बाजूला टेकू नका. तुमचा गुडघा हँडलच्या वाटेत असतो, आणि सावरायची वेळ आली तर त्याला हात हलवायला जागा उरत नाही. आयांनो, बाबांनो, मुलांना शाळेत नेणारे रिक्षाकाका दारात येतात तेव्हा एक प्रश्न विचारा: 'काका, पावसाळ्यानंतर पुढचं चाक उघडून बघितलंत का?' काकांना राग येणार नाही. तेही कोणाचे तरी बाबा आहेत. आणि त्यांनी 'रविवारी नेतो' असं सांगितलं, तर त्या रविवारी दिवसभराच्या कमाईला मुकणाऱ्या काकांना महिन्याच्या पैशांतून थोडे आगाऊ द्या. सगळ्या पालकांनी मिळून दिलेत तर कोणालाच जड जाणार नाही.

स्टँडवरच्या मंडळींनो, तुमच्याकडे हात आहेत, जॅक आहे, दुपारी भाडं नसलेला एखादा तास आहे. या आठवड्यात एकेकाची गाडी पुढून उचला. एकाने चाक हलवावं, एकाने बोट ठेवावं. आपली झाली की शेजारच्याची करा. जो म्हणेल 'माझी ठीक आहे', त्याची आधी उचला.

आणि आज रात्री दुसऱ्या पाळीच्या माणसाला गाडी सोपवताना नुसती चावी देऊ नका. दिवसभर तुमच्या हातांना जे कळलं ते त्याला अजून ठाऊक नाही, आणि रात्रीचा रस्ता मोकळा असतो. त्याला थांबवा आणि सांगा: 'चाळीसच्या वर हँडल मारतंय. उद्या सकाळी गॅरेजला नेतोय. तोवर तिशीतच चालव, आणि हायवेचं भाडं घेऊ नको.'