सरकारी पैशाचे पाणी कोणाच्या विहिरीत?

नदी वाचली पाहिजे, नाला वाहता राहिला पाहिजे, शिवारात पाणी मुरले पाहिजे, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. आमचेही नाही. आमचा प्रश्न साधा आहे. सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून जे पाणी अडवले जाते, ते निघते कोणाच्या विहिरीतून? दारव्हा तालुक्यात बोरी अरब असो, लाडखेड असो की लोही, पाणलोटाच्या कामाचा फलक लागला की हा प्रश्न ग्रामसभेत कोणीतरी विचारलाच पाहिजे. तो विचारला जात नाही, म्हणून आम्ही येथे विचारत आहोत.

यवतमाळ जिल्ह्याला जलसंधारण नवे नाही. याच जिल्ह्यातल्या पुसदच्या सुधाकरराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना १९९२ मध्ये जलसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले, त्यात पाणलोटाची कामे होती. २००९-१० पासून एकात्मिक पाणलोट व्यवस्थापन कार्यक्रम आला, २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आले, २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. त्याच वर्षी मृद व जलसंधारण खाते दिग्रस मतदारसंघाचे, म्हणजे आपल्याच भागाचे आमदार संजय राठोड यांच्याकडे आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा त्यांच्याचकडे गेले. तेव्हा खाते दूर आहे, मंत्री मुंबईचा आहे, अशी सबब दारव्ह्याला नाही.

पैसा मुरला किती आणि खाल्ला किती, यावर पुष्कळ लिहिले गेले. जलयुक्त शिवारच्या पहिल्या टप्प्यावर सुमारे ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजलाची पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मारला. त्यावर चौकशी झाली, आरोप-प्रत्यारोप झाले. परंतु या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कोणी बोलले नाही. समजा, भ्रष्टाचाराचा एक पैसाही झाला नसता आणि प्रत्येक बांध पाण्याने भरला असता, तरी गावातल्या भूमिहीनाच्या पदरात काय पडले असते?

पाणलोटाचे काम माथा ते पायथा चालते. माथ्यावर सलग समतल चर, उतारावर बांधबंदिस्ती, खाली नाला खोलीकरण आणि सिमेंट नाला बांध. माथ्यावर मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरीत उतरते. आता गावचा नकाशा समोर ठेवा. पायथ्याची काळी, भारी जमीन कोणाची? विहीर, मोटारपंप, संत्र्याची बाग कोणाची? आणि माथ्यावरच्या मुरमाड पडीत जागेत, ई-क्लासवर पोटापुरते वावर काढून बसलेला कोण? ई-क्लासवर चर खोदले जातात, चराईबंदी होते, शेळ्या विकाव्या लागतात, आणि ओलावा खाली दुसऱ्याच्या धुऱ्याआड जातो. झीज वरच्याने सोसायची आणि पीक खालच्याने काढायचे! पाणी वाढले की रब्बी वाढते, मजुरीचे दिवस वाढतात, हे खरे आहे. परंतु मजुरी हा पाण्यावरचा हक्क नव्हे.

ती मजुरीही आता यंत्राने खाल्ली. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव आणि नालाबांध मजुरांच्या हातांनी झाले, त्यातून रोजगार हमीचा कायदा आला. आज नाल्यात जेसीबी आणि पोकलॅन उतरतात. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनाच पाहा. २०२३ मध्ये ती नव्याने सुरू झाली तेव्हा अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५,००० आणि जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदान ठरले. योजना चांगली आहे, लहान शेतकऱ्याचा विचार त्यात आहे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याने गाळ कोठे टाकायचा? तलाव सार्वजनिक, पैसा सार्वजनिक, गाळ सार्वजनिक, आणि लाभ सातबाऱ्याच्या मागे!

आंबेडकरी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात जो ठराव मंजूर करून घेतला, त्याचा आधार काय होता? सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांनाही खुले असले पाहिजेत. महाड नगरपालिकेने तो कागदावर मान्य केला आणि बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर तो कृतीत आणला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये तेच तत्त्व आले. संपूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापराला जातीच्या कारणाने आडकाठी करता येणार नाही. जेथे सार्वजनिक पैसा, तेथे सार्वजनिक हक्क, हा महाडचा कायदेशीर गाभा आहे.

आजचे पाणलोट अनुदान हा गाभा उलटा करते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेला विचार असा की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क त्याचा. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा जो कायदा महाराष्ट्राने केला, त्यातही पाणीवापर संस्थेचा सभासद होण्यासाठी लाभक्षेत्रात जमीन लागते. म्हणजे चवदार तळ्याच्या काठावर आता पहारेकरी उभा नाही, सातबारा उभा आहे. विटाळ गेला, वाटा मात्र आला नाही.

त्यात ई-क्लासच्या नोटिसांची भर आहे. जगपालसिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. त्या निकालाचा धाक आमच्या माणसांना सर्रास दाखवला जातो. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी नियमित करण्याची मुभा त्याच निकालात आहे, हे सांगितले जात नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले, हेही सांगितले जात नाही. नोटीस हातात पडली की घाबरून अंगठा देऊ नका. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, पीकपाहणीचे उतारे जपून ठेवा. ज्यांचा हक्क कागदावर आहे त्यांच्या जमिनीला किंवा पाण्याला कोणी बळजबरीने आडवे आले, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(ग) त्यासाठीच आहे.

पाणी माणशी वाटता येते का? येते. महाराष्ट्रानेच ते करून दाखवले. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे पाणी, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले, तेथेही भूमिहीनाचा हक्क मान्य झाला. ज्याला जमीन नाही तो आपले पाणी घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकतो. त्याच्या हातात सौदा करण्याची ताकद येते. सालदाराला मालकापुढे बसून बोलता येते, हा त्यातला खरा बदल आहे.

आणि आजच्या नियमांतही बरेच आहे, मागणारा पाहिजे. केंद्राच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाणलोट समिती ग्रामसभेने नेमायची, तीत किमान दहा सदस्य, आणि निम्मे सदस्य बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला व भूमिहीन यांतून. खाजगी जमिनीवरील कामात लोकवर्गणी दहा टक्के, पण अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पभूधारकांना पाच टक्के. आणि मालमत्ता नसलेल्यांच्या उपजीविकेसाठी दहा टक्के निधी राखीव. हिशेब करा. हेक्टरी १२,००० रुपयांचा तेव्हाचा दर धरला तर ५,००० हेक्टरच्या प्रकल्पाला सहा कोटी, म्हणजे भूमिहीनांच्या वाट्याचे साठ लाख. पुढे दर वाढले, टक्केवारी बदलली, तत्त्व कायम राहिले. तुमच्या गावात पाणलोटाचा प्रकल्प झाला असेल, तर तो पैसा कोणत्या घरी गेला? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. समितीचे इतिवृत्त, सदस्यांची यादी, उपजीविका निधीच्या लाभार्थ्यांची यादी, एवढ्या तीन गोष्टी मागा.

दारव्हा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडावेत. एक, सार्वजनिक पैशाने झालेल्या बंधाऱ्याच्या व तलावाच्या पाण्यात भूमिहीन कुटुंबाचा हिस्सा लिखित असावा. दोन, ई-क्लासवर काम करण्यापूर्वी ती जमीन कसणाऱ्यांची संमती घ्यावी आणि चर, झाडे, चारा यांचे उत्पन्न त्यांना मिळावे. तीन, मातीकामात आधी गावच्या मजुरांच्या हाताला काम, यंत्र नंतर. ठराव फेटाळला तर तो फेटाळल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या. कायद्याच्या लढाईत तीच पहिली पायरी असते.

आपण दरवर्षी २० मार्चला महाडला जातो, तळ्याला वंदन करतो. जरूर जावे. पण त्याच तत्त्वाचे तळे आपल्या गावच्या नाल्यावर सरकारी पैशातून बांधले जात असताना आपण काठावरूनच परत येणार असू, तर महाडच्या सत्याग्रहाचे आपण वारसदार कसे? ग्रामसभेची दवंडी पिटली की घरात बसू नका. ओंजळ भरायला आधी काठावर पोचावे लागते.