सत्कारानंतरचं पहिलं वर्ष

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्तीत बॅनर लागतो. 'भावी डॉक्टर'चा विहारात सत्कार होतो, हातात संविधानाची प्रत देतात, फोटो फेसबुकवर जातो. असे सत्कार मीही घडवून आणलेत. त्यातल्याच एका पोराने पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मला विचारलं, "ताई, सोडून दिलं तर लोक काय म्हणतील?"

पोरगा हुशार. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. अ‍ॅनाटॉमीचं उत्तर त्याला येत होतं, पण तोंडी परीक्षेत इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या मुलाकडे वळायचे. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात "रँक किती रे?" हा प्रश्न. हा प्रश्न रँकचा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हळूहळू तो मेसमध्ये एकटा बसू लागला. शंका विचारणं बंद. घरी फोनवर मात्र "सगळं मस्त चाललंय", कारण बॅनर अजून चौकात होता.

काही जण म्हणतात, मेडिकल सगळ्यांनाच जड जातं, त्यात जात कशाला आणता? जड सगळ्यांनाच जातं, मान्य. पण ज्याचा काका डॉक्टर आहे त्याला कोणतं पुस्तक वाचायचं, कोणतं नुसतं चाळायचं, तोंडीला काय विचारतात हे जेवताना कळतं. आपल्या पोराला ते नापास झाल्यावर कळतं. आणि दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थी होस्टेलमध्येही कसे वेगळे पाडले जातात, हे थोरात समितीने २००७ मध्येच लिहून ठेवलंय. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ती तर एमबीबीएस पार करून पुढचं शिकत होती. मग 'मन खंबीर कर' हा सल्ला आपण कुणाला देतोय?

इथे आपल्या चळवळीचंही चुकतं, हे बोलायला हवं. पोरगं थकलं म्हणालं की आपण लगेच बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला देतो. पण १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं, १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले, हे आपण सत्काराच्या भाषणात का सांगत नाही? एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला नियमानेच चार संधी आहेत. एक विषय राहिला म्हणजे समाजाची मान खाली गेली, हे ओझं त्या पोराच्या पाठीवर कॉलेजने नाही, आपण ठेवलंय.

त्या पोराची झोप उडाली होती. मानसोपचाराच्या ओपीडीत जायला भावी डॉक्टरच लाजत होता! मी सोबत गेले. मग आपल्यातलाच तिसऱ्या वर्षाचा एक सीनियर शोधला. तो रोज रात्री तासभर याच्याकडून उत्तरं मोठ्याने, इंग्रजीत, चुकत चुकत वदवून घ्यायचा. तरी फिजिऑलॉजी राहिलाच. पुरवणी परीक्षेत निघाला.

यंदाच्या सत्काराला मी शालीचे पैसे वाचवायला सांगितलेत. त्याऐवजी जिल्ह्यातल्या आपल्या डॉक्टरांना आणि सीनियर विद्यार्थ्यांना बोलवायचं, प्रत्येक नव्या पोरामागे एकाने नंबर द्यायचा आणि दिवाळीच्या आत स्वतःहून फोन करायचा. आठ जण तयार झालेत. पोरं अकरा आहेत.