रबराचा चीक आणि प्रसादाचें केळें

‘केळें खाल्लें कीं माझ्या जिभेला खाज सुटते,’ असें घरांतील सून म्हणाली, तर आपल्याकडे तिला नाजुकपणाचा शिक्का सहज मिळतो. त्यांतून तें केळें प्रसादाचें असलें तर विचारावयासच नको. परंतु हीच सून परिचारिका असेल, अथवा तिच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर वडील मंडळींनीं या वाक्याकडे अवश्य लक्ष द्यावें.

रबराचें झाड मूळचें ब्राझीलकडील. त्याच्या सालीला चीर पाडली कीं चीक पाझरतो, व त्यांतील हेवीन नांवाचें प्रथिन तो चीक गोठवून झाडाची जखम बुजविण्यास साहाय्य करतें. या हेवीनशीं जुळणारा भाग केळें, ॲव्होकाडो, चेस्टनट यांतील कायटिनेज नामक प्रथिनांतहि असतो. बुरशीपासून वनस्पतीचें रक्षण करणें हें त्यांचें काम. ज्या शरीरानें हेवीनला एकदां शत्रु ठरविलें, तें या सदृशांसहि शत्रूच समजतें. साहित्यशास्त्रांतील भ्रांतिमान् अलंकारच म्हणा ना! रबर बाधणाऱ्यांपैकीं शेकडा ३० ते ५० जणांना अशीं फळें बाधतात. किवी व पपई हींहि त्यांतलींच. फळाला चीक दिसतो कीं नाहीं, यावरून मात्र निर्णय करूं नये. किवीला कोठें चीक असतो? शिजविल्यानें कायटिनेजचा जोर बराच ओसरतो, तथापि शिऱ्यांतील केळ्याचा प्रयोग घरच्या घरीं करणें शहाणपणाचें नव्हे.

रबरी हातमोजे नित्य वापरणारे डॉक्टर व परिचारिका, तसेंच पाठीच्या कण्यांतील जन्मजात व्यंगामुळें वारंवार शस्त्रक्रिया झालेलीं मुलें, यांना हा विकार विशेष जडतो. मोजे सहज चढावेत म्हणून आंत घातलेली भुकटी चिकाचीं प्रथिनें हवेंत पसरविते. म्हणून अमेरिकेनें इ. स. २०१७ पासून वैद्यकांतील असे भुकटीचे मोजे बंद केले.

केळ्यानें खाज सुटणाऱ्या प्रत्येकास रबर बाधतेंच असें नाहीं. तरी दांताच्या डॉक्टरांकडे वा प्रसूतिगृहांत जाण्यापूर्वीं ही गोष्ट सांगून ठेवावी; चाचणी करतां येते, आणि नायट्राइलचे मोजे वापरतां येतात. ओठ सुजून श्वास लागूं लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. रबराची बाधा ठरलेलें कोणी घरांत असल्यास बारशाला रबरी फुगे लावूं नयेत. कागदी पताका पूर्वीं होत्याच.