पाण्याची परीक्षा, पण केव्हा?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतील बळ हरपविणाऱ्या गुइलेन-बॅरे विकाराने एकाएकी डोके वर काढले. संशयित व निश्चित रुग्णांची संख्या पुढे दोनशेंवर गेली. काही रुग्णांच्या विष्ठेच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ जंतू सापडले, संशय पाण्यावर गेला आणि मग विहिरी, टँकर व नळ यांच्या तपासणीस वेग आला. तपासणी झाली हे योग्यच. परंतु माणसे अंथरुणास खिळल्यावर ती व्हावी, याला वरातीमागून घोडे याखेरीज दुसरे नाव नाही.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ साली झाला. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जंतू मुळीच आढळू नयेत, आर्सेनिक लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी मानकेही आहेत. खरी अडचण वेळेची आहे. जंतूंची वाढ प्रयोगशाळेत दिसण्यास एक-दोन दिवस लागतात. तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. आर्सेनिकसारख्या विषाचे परिणाम तर कित्येक वर्षांनी प्रकटतात. तेव्हा प्रसंगोपात्त नमुन्यांनी भागणार नाही. ठरावीक जागी, ठरावीक दिवशी घेतलेली अखंड नोंदच उपयोगी पडेल.

हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे काय? मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओच्या विषाणूचा नियमित शोध घेतला जाऊ लागला. या विषाणूची बाधा झालेल्या बहुसंख्य मुलांना पांगळेपणा येत नाही, पण विषाणू त्यांच्या विष्ठेवाटे बाहेर पडतोच. म्हणून गटार रुग्णालयाच्या आधी बोलते. २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले, त्यात लसीबरोबर या पहाऱ्याचाही वाटा होता.

प्रश्न अर्थकारणाचाही आहे. तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. टळलेल्या आजारांची बचत मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाही. काटकसरीची कात्री अशाच खर्चावर सहज चालते. पण त्यामुळे खर्च वाचत नाही. तो पालिकेच्या वहीतून उठून घरोघरच्या औषधांच्या बिलात जाऊन बसतो, आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र ज्याला परवडत नाही त्यालाच तो सर्वाधिक जाचतो.

यासाठी प्रत्येक विभागाच्या पाण्याचा अहवाल, तो प्रतिकूल असला तरी, विनाविलंब प्रसिद्ध झाला पाहिजे. पाणीपट्टीचे बिल न चुकता घरी येते. त्या पाण्यात काय आहे, हेही तितक्याच नेमाने कळण्याचा नागरिकाला हक्क आहे.